मदत हवी आहे: सोनोग्राफी धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही

कॅज्युअल्टीत काम करणाऱ्यांना विचारतोय: पित्ताशयाला तीव्र सूज (अक्यूट कोलेसिस्टायटिस) आहे की नाही, हे ठरत नाहीये. वयस्कर पेशंट, उजव्या बरगडीखाली दुखतंय, ताप नाही, पांढऱ्या पेशी नॉर्मल. सोनोग्राफीत खडे, पित्ताशयाची भिंत ४ मिमी, भोवती पाणी नाही. खडे तर कितीतरी जणांना त्रास न देता असतात, आणि भिंत हार्ट फेल्युअर, हिपॅटायटिस, जलोदरातही जाड होते. मर्फी साइन (पित्ताशयावर प्रोब दाबल्यावर दुखणं) निगेटिव्ह, पण प्रोब लावण्याआधीच दुखणं दाबणारं मॉर्फिन दिलेलं (हे नेहमीचंच!). मग या साइनवर भरवसा किती ठेवायचा? या निदानाच्या टोकियो निकषांत ताप, सीआरपी (रक्तातली सुजेची खूण) किंवा पांढऱ्या पेशी यांपैकी काहीतरी बिघडलेलं लागतं. म्हातारपणी नेमकं तेच दगा देतं. तुम्ही काही तासांनी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी पुन्हा करता, की थेट हायडा स्कॅन (पित्त पित्ताशयात शिरतं का ते दाखवणारा न्यूक्लियर स्कॅन)? रात्री तो मिळत नसेल तर सीटीवर भागवता का? आणि सर्जनला कधी उठवता?