मदत हवी आहे: मतदानपद्धत आणि हुकूमशाही वृत्तीचे उमेदवार

एका अभ्यासगटात बोलायचंय, आणि एका मुद्द्यावर गाडी अडली आहे. दोन फेऱ्यांचं मतदान (पहिल्या फेरीत कुणालाच बहुमत मिळालं नाही, तर पहिल्या दोघांमध्ये दुसरी फेरी) टोकाच्या उमेदवाराला रोखतं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. फ्रान्सच्या अध्यक्षीय निवडणुकीत 2002 साली तसंच घडलं. पहिल्या फेरीत डाव्यांची मतं फुटली, त्यांचे मुख्य उमेदवार जोस्पँ थोडक्या मतांनी मागे पडले आणि सुमारे 17 टक्के मतांवर अतिउजवे ल पेन अंतिम फेरीत गेले. तिथे मात्र मध्यम उजवे शिराक यांना 82 टक्के मतं पडली!

पण पेरूचं काय करायचं? तिथल्या 1990 च्या अध्यक्षीय निवडणुकीत फुजिमोरी पहिल्या फेरीत दुसरे होते. दुसऱ्या फेरीत निवडून आले आणि 1992 मध्ये त्यांनी संसदच बरखास्त केली. पद्धत तीच, निकाल नेमका उलटा.

प्रमाणशीर प्रतिनिधित्वाबद्दलचं (मतांच्या प्रमाणात संसदेत जागा) वाचन झालंय. वायमर जर्मनी (हिटलरच्या आधीचं प्रजासत्ताक), तिथे नंतर आलेली संसदेत जागा मिळवायला किमान 5 टक्के मतांची अट, हंगेरीत 2014 साली फिदेस पक्षाला सुमारे 45 टक्के मतांवर मिळालेल्या दोन तृतीयांश जागा, हे सगळं माहीत आहे. त्यामुळे कृपया संसदेच्या निवडणुका बाजूला ठेवा. मला फक्त थेट अध्यक्ष निवडण्याबद्दल विचारायचंय. ‘लोकच जबाबदार’ हे उत्तरही नको. लोक तेच धरून पद्धत बदलली तर काय होईल, हे समजून घ्यायचंय.

फ्रान्स आणि पेरूमधला हा फरक पद्धतीच्या अंगाने कसा समजवावा? आणि मतदाराने सगळ्या उमेदवारांना पसंतीक्रम दिला असता, तर फुजिमोरींसारखा उमेदवार अडला असता, की अनेकांची दुसरी पसंती म्हणून आणखी सहज जिंकला असता?