प्रति: खेळात राजकारण नको
खेळात राजकारण आणू नका, असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. ऐकायला बरं वाटतं, पण स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात कोण मनावर घेणार? तिथला सेल्टिक फुटबॉल क्लब १८८७ साली निघाला तोच मुळी शहराच्या पूर्व भागातल्या गरीब आयरिश स्थलांतरितांच्या पोटापाण्यासाठी पैसे उभे करायला. आजही स्टँडात आयरिश तिरंगे फडकतात, समोर शहरातल्याच प्रतिस्पर्धी रेंजर्स क्लबवाले ब्रिटनचा झेंडा, युनियन जॅक, घेऊन हजर. २०१४च्या सार्वमतात स्कॉटलंडने ब्रिटनपासून स्वातंत्र्य नाकारलं, ग्लासगोने मात्र होकार दिला होता!

बाकी काल टीव्हीवर केल्टिक, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या पारंपरिक, संगीताची मैफल लागली होती. आयरिश पाइप्सवाला (बॅगपाइपसारखंच वाद्य) खुर्चीत बसलेला, एका कोपराखाली भाता, दुसऱ्याखाली पिशवी. तोंडाने फुंकायचं कामच नाही. शेजारी स्कॉटिश फिडल, म्हणजे व्हायोलिनच. काय जुगलबंदी रंगली! (आधीची मॅच गोलशून्य, तिच्याबद्दल न बोललेलंच बरं.)