शेपूची भाजी आणि बाळंतशेप: काही शंका

हिरवी_जुडी: शेपूची भाजी दर वेळी चोथट होते आणि वास इतका उग्र येतो की घरातले ताट पुढे सरकवतात. कुठे चुकत असेल? दुसरं म्हणजे, बाळंतिणीला जेवणानंतर देतात ती बाळंतशेप म्हणजे आपली बडीशेपच ना? तिच्या सुपारीचं, म्हणजे जेवणानंतरच्या मुखवासाचं, प्रमाण हवं आहे. तिने दूध वाढतं हे खरं का?

लोखंडी_तवा: चोथा काड्यांचा होतो. नखाने सहज तुटेल तेवढीच काडी ठेवा, बाकी फेका. फुलांचे तुरे धरलेली जुडी घेऊच नका. माती बारीक पानांत अडकते, म्हणून भांडंभर पाण्यात बुडवून भाजी वर उचलून घ्या, दोन-तीनदा. चिरायची धुतल्यावर.

निवडलेला पाव किलो शेपू, पाव वाटी मूगडाळ अर्धा तास भिजवून, 7-8 लसूण पाकळ्या, 3-4 हिरव्या मिरच्या, दोन पळ्या तेल. लसूण ठेचून लालसर होऊ द्या, मग मिरची आणि डाळ. पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा. डाळ बोटाने दाबली की चेपली पाहिजे, पण दाणा आख्खा राहिला पाहिजे. आता शेपू घाला आणि झाकण काढून ठेवा. झाकलं की भाजी काळपट होते आणि वासही आतच कोंडतो. पाच-सहा मिनिटं परतली की झालं. मीठ सगळ्यात शेवटी, कारण कढईभर दिसणारी भाजी वाटीभर उरते आणि आधी घातलेलं मीठ हमखास जास्त होतं. लसणात काटकसर करू नका, शेपूला तोच आवरतो.

खलबत्ता: बाळंतशेप वेगळी, ते शेपूचं बी. चपटं, तपकिरी, कडेला फिकट पातळ किनार. बडीशेप लांबट, फुगीर, हिरवट. शंका आली तर चावून बघा: बडीशेप गोड लागते, ही उग्र आणि किंचित कडसर. बडीशेपेत अॅनेथोल हे वासाचं द्रव्य जास्त, बाळंतशेपेत कार्व्होन. आयुर्वेदात शेपूला शतपुष्पा म्हणतात आणि वातहर मानतात. 'गॅस धरत नाही' म्हणून बाळंतिणीला देतात ते यामुळेच.

सुपारीसाठी बाळंतशेप 100 ग्रॅम, तीळ 50, किसलेलं सुकं खोबरं 50, ओवा 25, सैंधव एक लहान चमचा. सैंधव दोन चमचे पाण्यात विरघळवून बाळंतशेप आणि ओव्याला चोळा, तासाभराने पसरून पूर्ण वाळवा. ओलं भाजलं तर वरून करपतं, आत मऊ राहतं. भाजायचं मंद आचेवर आणि प्रत्येक जिन्नस वेगळा. तीळ तडतडले की लगेच उतरवा. बाळंतशेपेचा रंग गडद होईपर्यंत थांबलात तर तेल उडून नुसता कडवटपणा उरतो. वास सुटला की बस. खोबरं शेवटी, गॅस बंद करून तापलेल्या कढईतच हलवा. सगळं गार झाल्याशिवाय बरणी भरू नका, घाम धरून खोबरं खवट होतं. एका वेळी दोन-तीन आठवड्यांपुरतीच करा. जेवणानंतर अर्धा ते एक चहाचा चमचा, चावून.

पाटावरवंटा: दुधाबद्दल: बाळंतशेपेने दूध वाढतं याला ठोस पुरावा नाही. बाळाला वरचेवर पाजणं हाच खरा उपाय, सुपारी पचनापुरती. आणि दिवस राहिलेले असताना हे बी चमचा-चमचा खायला सुरुवात करू नये, त्याचं तेल तर नाहीच. भाजी नेहमीसारखी खायला हरकत नाही.

हिरवी_जुडी: बी उकळून ते पाणी बाळाला देतात, ते चालेल का? ग्राइप वॉटरमध्येही शेपूचं तेल असतं म्हणे.

पाटावरवंटा: असतं बऱ्याचदा, पण म्हणून घरी काढा करून पाजू नका. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. बाळ सतत रडत असेल, पोट टणक लागत असेल किंवा हिरवी उलटी झाली तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे.

लोखंडी_तवा: न भाजलेली बाळंतशेप उरली तर कुंडीत पेरा. रोप उपटून दुसरीकडे लावू नका, मूळ सरळ खोल जातं आणि दुखावलं की रोप मान टाकतं.