मदत हवी आहे: ओठाला कुत्रा चावलाय, टाके कुठे आणि कधी?

5 वर्षांच्या भाच्याला आज संध्याकाळी मोकाट कुत्रा चावला. वरचा ओठ आरपार फाटलाय, लाल कड वरखाली झालीय, दात शाबूत. साबणाने नळाखाली 15 मिनिटं धुतलं (हळद-चुना सुचवणारे शेजारी होतेच!). तालुक्याच्या दवाखान्यात रेबीजची पहिली लस, धनुर्वाताचं इंजेक्शन, अँटिबायोटिक झालं. जखमेत द्यायचं रेबीजचं इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूला लगेच रोखणारी तयार प्रतिपिंडं) मात्र तिथे नाही, आणि त्याआधी टाके नकोत म्हणाले. ते पटतंय. वजन 17 किलो, कसली ॲलर्जी नाही. आम्ही कराडजवळ आहोत, गाडी आहे, रात्रीच निघू. कोल्हापूर, सांगली की पुणे? इम्युनोग्लोब्युलिन आणि प्लास्टिक सर्जन एकाच ठिकाणी आत्ता कुठे मिळतील? आणि ते दिल्यावर ओठाला लगेच सैल टाके घालतात की थांबतात?