अनमेट डिपेंडन्सी आली की फोर्स मारायचा? भिया, हात जोडले

रामबागी: काल इथं उबुंटू लिनक्सवर कुणीतरी ज्ञान पाजळलंय, "अनमेट डिपेंडन्सीज (एका पॅकेजला लागणारं दुसरं पॅकेज न जुळणं) आल्या तर डीपीकेजीला, म्हणजे पॅकेज बसवणाऱ्या कमांडला, --फोर्स-ऑल लावून बळजबरी करा, गप बसतं." गप नाही बसत, पुढच्या अपडेटला व्याजासकट वसूल करतं. अरे पॅकेजं आणून देणारा ॲप्ट सांगून राह्यलाय ना की कोण कुठल्या व्हर्जनवर अडलंय, ते वाचायचं सोडून थेट लाथ? ॲप्ट-कॅश पॉलिसी बघा (कुठलं व्हर्जन कुठून येतंय), ॲप्ट-मार्क शोहोल्ड बघा (कुठलं पॅकेज रोखून ठेवलंय), बहुतेक वेळा कुठल्यातरी जुन्या पीपीएचं (बाहेरून जोडलेल्या रिपॉझिटरीचं) मोठं व्हर्जन मध्ये आडवं आलेलं असतं, पीपीए-पर्ज करा न् मोकळे व्हा.

विजयनगरवाला: पोस्ट माझी आहे, नाव घेऊन बोला. उबुंटू २२.०४ वर ऑफिसचं जुनं सॉफ्टवेअर लिबएसएसएल १.१ (ओपनएसएसएलची एन्क्रिप्शनची लायब्ररी) मागत होतं, २०.०४ ची डेब (पॅकेजची फाइल) उतरवली, फोर्स मारला, आजतागायत चालू आहे. क्लायंट डोक्यावर उभा असताना पॉलिसी वाचायची का तुमची?

रामबागी: लिबएसएसएल १.१ तर २२.०४ मधल्या लिबएसएसएल ३ च्या शेजारी तशीच बसते, फोर्स लागतच नाही तिला! आणि ओपनएसएसएलवाल्यांनी १.१.१ चा सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्येच बंद केलाय. क्लायंटला हे पण सांगितलंत ना?

लोकमान्यनगर काका: एवढी कटकट कशाला, फ्लॅटपॅक घ्या, ॲप आपल्या लायब्रऱ्या वेगळ्या घेऊन येतं. ज्याचं त्याचं वेगळं, भांडणच नाही.

सराफा_रात्री_१: काका, एवढ्याशा ॲपसाठी शेकडो एमबीचा रनटाइम (त्या लायब्रऱ्यांचा गठ्ठा) उतरतो, हॉटस्पॉटवर चालवणाऱ्याने काय करावं? आणि ते उबुंटूचं तसंच स्नॅप! २२.०४ पासून ॲप्टने फायरफॉक्स मागा, स्नॅपच गळ्यात. पुतण्याच्या ४ जीबीच्या लॅपटॉपवर उघडेपर्यंत माझे पोहे खाऊन व्हायचे. दुकानदार म्हणे रॅम वाढवा. मी मोझिलाची डेब रिपॉझिटरी लावली, रॅमचे पैसे वाचले.

लोकमान्यनगर काका: मी फ्लॅटपॅक म्हटलं, तुम्ही स्नॅपवर रडताय. वाचता तरी का?

सराफा_रात्री_१: दोन्ही एकाच माळेचे मणी.

लोकमान्यनगर काका: मग विंडोजवर जा! फुकटात मिळतंय तर नखरे. आमच्या वेळी आरपीएमची (रेड हॅटवाल्या लिनक्सच्या पॅकेजची) एकेक फाइल शोधत सीड्या धुंडाळायचो.

सराफा_रात्री_१: आली "आमची वेळ".

नवशिक्या_भंवरकुआं: भांडण झालं असेल तर विचारू? २४.०४ वर लिबएसाउंड२ (आवाजाची लायब्ररी) टाकतोय, "नो इन्स्टॉलेशन कँडिडेट" (टाकण्याजोगं पॅकेजच नाही) येतंय. फोर्स मारू?

रामबागी: खबरदार! नाव बदललंय, लिबएसाउंड२टी६४ टाक. २०३८ च्या तारखेच्या भानगडीसाठी (३२ बिटांत वेळेचा आकडा तेव्हा संपतो) ढीगभर लायब्रऱ्यांना ते टी६४ शेपूट लागलंय, जुनी गाइडं त्यामुळेच फसवतात.

नवशिक्या_भंवरकुआं: झालं!! थँक्यू दादा

विजयनगरवाला: बरं महाराज, उद्यापासून पॉलिसी वाचून मगच अंघोळ. पण तुमच्या ॲप्टचं ते लाडकं --फिक्स-ब्रोकन (तुटलेल्या डिपेंडन्सी सुधारणारं) माझा अर्धा डेस्कटॉप काढायला निघालं होतं, ते का नाही लिहिलंत?

रामबागी: हे मात्र मान्य, नाइलाजाने. "विल बी रिमूव्ह्ड" (काढली जाणारी पॅकेजं) खालची यादी न वाचता वाय दाबायचा नाही. २०२१ मध्ये तो यूट्यूबवाला लायनस (लायनस टेक टिप्सवाला) पॉप ओएसवर (उबुंटूवर बेतलेल्या लिनक्सवर) स्टीम हे गेमांचं ॲप टाकायला गेला न् डेस्कटॉपच उडवून बसला, तोही "येस, डू ॲज आय से" स्वतः टाइप करून.

विजयनगरवाला: चूक पॉप ओएसच्या पॅकेजची होती. माणसाने स्टीमच मागितलं होतं ना?

रामबागी: पॅकेजची होतीच. पण वॉर्निंगपण समोर होती.

लोकमान्यनगर काका: फ्लॅटपॅकने टाकलं असतं तर