मदरबोर्ड बदलल्यावर बिटलॉकरचा डेटा उघडेल का?

हिशेबवही, जळगाव
कर सल्लागाराचं ऑफिस आहे. रावेर-यावलच्या केळीवाल्यांचे पॅन, बँक स्टेटमेंट सगळं एका लॅपटॉपवर. विंडोज ११ प्रो, बिटलॉकर (ड्राइव्हवरच्या डेटाला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू, सुरू होताना मागायचा पिन नाही. मशीन कधी चालू होतं, कधी नाही. कारागीर मदरबोर्ड बदलायचा म्हणतो. एसएसडी (डेटाची डिस्क) तीच राहिली तर डेटा उघडेल ना?

चिपवाला, भुसावळ
रिकव्हरी की असेल तरच. कुलूप उघडणारी किल्ली जुन्या बोर्डावरच्या टीपीएमने (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप) बांधलेली असते. नवा टीपीएम ती सोडवू शकत नाही. मग बिटलॉकर निळ्या स्क्रीनवर ही ४८ अंकी रिकव्हरी की मागतो.

मशीन चालू होईल तेव्हा पहिलं काम हेच करा, भाऊ: कंट्रोल पॅनेल, बिटलॉकर, ‘बॅक अप युवर रिकव्हरी की’. एक प्रिंट, एक पेनड्राइव्हवर. प्रिंटवर की आयडीही असतो. निळ्या स्क्रीनवरच्या आयडीशी तो जुळला तरच ती की चालेल. मशीन आता उघडतच नसेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यात बघा, बऱ्याचदा तिथे जतन झालेली असते. ती प्रिंट लॅपटॉपच्या बॅगेत मात्र ठेवू नका. आणि की असली तरी डेटाचा वेगळा बॅकअप हवाच.

बोर्ड बदलल्यावर की टाकून आत जा, मॅनेज-बीडीई या कमांडने जुना टीपीएम प्रोटेक्टर (जुन्या चिपशी बांधलेली किल्लीची नोंद) काढून नवा जोडा. नाहीतर प्रत्येक बूटला ४८ अंक.

हिशेबवही, जळगाव
की खात्यात सापडली, प्रिंटही काढली. आता पिन लावू का? चिप आहेच ना?

सर्किट, धुळे
लावाच. पिन नसेल तर टीपीएम बूट होताना किल्ली आपणहून देऊन टाकतो. चिप बोर्डावर वेगळी असेल तर ती किल्ली प्रोसेसरकडे जाताना वाटेतल्या तारांवर उघडी वाचता येते. २०२४ मध्ये रास्पबेरी पाय पिको या छोट्या सर्किट बोर्डाने हे मिनिटाच्या आत करून दाखवलं गेलं. टीपीएम प्रोसेसरच्या आतच असेल तर ही वाट बंद, तरी पिन हवाच.

ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या नियमांची सेटिंग) बिटलॉकरच्या ऑपरेटिंग सिस्टम ड्राइव्हखाली ‘रिक्वायर ॲडिशनल ऑथेंटिकेशन ॲट स्टार्टअप’ चालू करा, मग पिन लावा. कमीत कमी ६ अंक. टीपीएम २.० मध्ये विंडोज ३२ चुकांनंतर कुलूप लावतं आणि दर १० मिनिटांनी एक चूक माफ करतं, त्यामुळे अंदाजाने पिन शोधणं फार जड जातं.

रात्रपाळी, नंदुरबार
पिन लावून स्लीपवर ठेवलं तर किल्ली रॅममध्येच राहते. प्रवासात हायबरनेट किंवा शटडाउन. आणि बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटच्या आधी बिटलॉकरचं ‘सस्पेंड प्रोटेक्शन’, नाहीतर तीच निळी स्क्रीन.