मदत हवी आहे : केक सजावटीची नोझल्स घरी नीट कशी लावून ठेवावीत?

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरीत राहते आणि घरूनच केकच्या ऑर्डरी घेते. वाढदिवसाचे किलो-दीड किलोचे क्रीमचे केक हे नेहमीचे काम आणि लग्नसराईत दोन-तीन थरांचे मोठे केक. या कामात नोझल्स, म्हणजे क्रीमच्या पिशवीच्या टोकाला बसवायच्या धातूच्या निमुळत्या तोट्या, जमत जमत आता शंभराच्या घरात पोहोचली आहेत. त्यांत गोल भोकाची १ ते १२ क्रमांकांची लहान नोझल्स आहेत, चांदणीची आहेत, पाकळ्यांसाठीची १०१ ते १०४ आहेत, पानांची, टोपलीच्या विणीची, गवतासाठीचे बहुछिद्री २३३, शिवाय १एम आणि २डी यांसारखी मोठी, आणि मध्यंतरी सगळ्यांनीच हौसेने घेतलेली, एका दाबात अख्खे फूल उमटवणारी रशियन नोझल्सही आहेत. ती लावून ठेवण्याचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण ऐन कामाच्या वेळी हातात क्रीमची भरलेली पिशवी आणि समोर नोझल्सचा ढीग अशी अवस्था ज्यांची झाली आहे, त्यांना तो किरकोळ वाटणार नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सध्या बहुतेक नोझल्स ज्या त्या संचासोबत आलेल्या डब्यांतच आहेत. या डब्यांत स्पंजसारख्या फोमला भोके पाडून नोझल्स बसवलेली असतात. दुकानात ते देखणे दिसते, पण कोकणातल्या पावसाळ्यात त्याचा काही उपयोग नाही. जुलैमध्ये आमच्याकडे हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असते, त्यात समुद्र जवळ. फोम ओल धरून ठेवतो आणि नोझलचा तळाचा काठ नेमका त्या ओलीत टेकलेला राहतो. परिणामी काही नोझल्सच्या काठावर तपकिरी कडे उमटले आहे, तर काहींच्या उभ्या जोडाच्या रेषेत गंज शिरला आहे. जोड असलेल्या नोझल्सची ही दुखरी जागा आहे, कारण पत्रा जिथे एकमेकांवर येतो तिथल्या फटीत पाणी आणि क्रीमचा अंश दोन्ही अडकून राहतात. बिनजोडाची नोझल्स त्या मानाने चांगली टिकली आहेत. गंजलेली सगळी मी कामातून काढून टाकली. खाण्याच्या पदार्थाला लागणाऱ्या वस्तूत गंज चालवून घेणे शक्य नाही.

दुसरी अडचण वर्गवारीची आहे. आधी वाटले होते की क्रमांकाप्रमाणे ओळीने लावावीत, पण ते जमत नाही. विल्टन आणि अटेको या दोन्ही अमेरिकी कंपन्यांच्या लहान नोझल्सचे क्रमांक बरेचसे जुळतात. मोठ्या नोझल्सच्या बाबतीत मात्र एकीची १एम, २डी अशी पद्धत आहे, तर दुसरीची ८०० च्या पुढचे आकडे वापरण्याची. आपल्याकडे मिळणाऱ्या स्वस्त संचांत कधी क्रमांक असतो, कधी तो इतका पुसट असतो की भिंग लागावे, आणि कधी मुळीच नसतो. अशा वेळी घरातल्या घरात आपलीच एखादी पद्धत ठरवावी लागते, ती आपण कशी ठरवली आहे हे जाणून घ्यायला आवडेल.

तिसरी गोष्ट म्हणजे नोझल्स एकमेकांवर आपटून खराब होतात. मिटलेल्या चांदणीचे दाते, १०४ ची पातळ बाजू आणि पानाच्या ३५२ ची दोन टोके जरा दाबली गेली तरी पाकळीची कड फाटकी येते किंवा पानाला मधली शीर उमटत नाही. एकात एक घालून ठेवली तर जागा वाचते, पण ती इतकी घट्ट बसतात की काढताना हमखास एखादे चेपते. म्हणजे प्रत्येक नोझलला स्वतंत्र घर हवे. त्याचा आणखी एक फायदा असा की कोणते घर रिकामे आहे ते लगेच दिसते. एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या पिशवीसोबत नोझलही कचऱ्यात जाणे हा या धंद्यातला सार्वत्रिक प्रकार आहे. दिवाळीत सोऱ्याच्या चकत्यांमधली नेमकी शेवेची सापडू नये, तसेच इथे नेमके १एम सापडत नाही. आमच्याकडे जाऊबाईही रविवारी केक करतात, त्यामुळे वस्तू कुठून उचलली हे दोघींच्या लक्षात राहील अशी मांडणी असेल तर अधिक बरे.

जागा म्हणाल तर ओट्याखालचा एक ड्रॉवर मिळू शकतो. त्याची आतली उंची नऊ-दहा सेंटिमीटर आहे.

मी विचार केलेले पर्याय असे. भिंतीवर लोहचुंबकाची पट्टी लावून त्यावर नोझल्स चिकटवलेली चित्रे अनेकांनी पाहिली असतील. मी साधे चुंबक घेऊन तपासले, तर माझी चांगली नोझल्स त्याला दाद देत नाहीत. ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील चुंबकाला जवळजवळ चिकटत नाही, फक्त ओढून आकार दिलेल्या टोकाशी किंचित ओढ जाणवते. चिकटतात ती एक तर मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याची किंवा ४३० प्रतीच्या स्टीलची. म्हणजे पट्टीवर नेमकी कमी प्रतीची नोझल्स मिरवणार आणि बाकीची खाली पडणार. शिवाय भिंतीवर उघडी राहिली की फोडणीची वाफ आणि धूळ बसणार, ते वेगळेच.

हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू-वॉशर ठेवायला मिळतात तसले कप्प्यांचे पारदर्शक डबे हा दुसरा पर्याय. ते स्वस्त आहेत आणि झाकण घट्ट बसते, पण एका कप्प्यात सात-आठ नोझल्स टाकली की पुन्हा आपटाआपटी आलीच. जुना मिसळणाचा डबाही डोळ्यांसमोर आला होता. त्याच्या वाट्यांत कपलर (पिशवीवर नोझल बसवण्याची आणि बदलण्याची प्लास्टिकची जोडणी) आणि फुले करण्याचे खिळ्याच्या आकाराचे ठोकळे छान मावतील, पण हळद-हिंगाचा वास स्टीलमधून जाईल याची खात्री नाही आणि व्हॅनिलाच्या क्रीमला हिंग ही जोडी कोणालाच नको असेल.

तेव्हा विचारायचे आहे ते असे की ड्रॉवरमध्ये बसेल, प्रत्येक नोझल सुटे आणि उभे राहील, हवा खेळती राहील आणि धुऊन पुसता येईल अशी मांडणी कोणी केली आहे का? पावसाळ्यात नोझल्स आतून पूर्ण कोरडी करण्यासाठी आपण काय करता? आणि वर्गवारी कोणत्या आधारावर करता? आयते मिळणारे काही चांगले असेल तर तेही सुचवावे. मात्र पुन्हा फोमच्या डब्यांकडे जाण्याची माझी तयारी नाही.

प्रतिसाद १

ताई, वर्गवारी क्रमांकावर न करता कामावर करावी, असे मी सुचवेन. रेघा आणि अक्षरे, किनार आणि शंख, गुलाब आणि पाकळ्या, पाने, विणकाम आणि गवत, कपकेकवरचे मोठे झुपके असे गट पाडले की कंपनी कोणतीही असो, नोझल आपोआप आपल्या गटात जाऊन बसते. गटाच्या आत भोकाच्या आकाराप्रमाणे लहानाकडून मोठ्याकडे लावावे. क्रमांक नसलेल्या नोझलने कागदावर एकेक ठसा काढून तो कागद ड्रॉवरच्या आतल्या बाजूला चिकटवला, तर जाऊबाईंनाही विचारावे लागणार नाही.

यात एक भेद मात्र पाळावा. लहान कपलरवर बसणारी आणि न बसणारी नोझल्स वेगळी ठेवावीत. १एम, २डी आणि रशियन ही लहान कपलरवर चढत नाहीत. त्यांना मोठा कपलर तरी लागतो किंवा ती थेट पिशवीत तरी घालावी लागतात. कामाच्या घाईत हा फरक ड्रॉवर उघडताक्षणी दिसला पाहिजे, म्हणून मोठ्यांची रांग मागे आणि लहानांची पुढे, आणि कपलर लहानांच्या शेजारी. जी नोझल्स दर केकला लागतात, आणि ती कोणाकडेही दहा-बारांच्या वर नसतात, ती हाताशी पुढच्या ओळीत असावीत. रशियन नोझल्सना घट्ट क्रीम लागते आणि ती रोज वापरली जात नाहीत, तेव्हा ड्रॉवरमधली मोलाची जागा त्यांना देण्याची गरज नाही. त्यांचा डबा माळ्यावर गेला तरी चालेल.

प्रतिसाद २

नावाच्या पाट्या आणि स्मृतिचिन्हे करणाऱ्यांकडे लेझरने अॅक्रिलिक कापून मिळते. तीन किंवा पाच मिलिमीटर जाडीची पाटी घेऊन तिला भोके पाडून घ्यावीत. लहान नोझलचा तळ साधारण १८ मिलिमीटरचा असतो, तेव्हा भोक १६ मिलिमीटरचे ठेवले तर नोझल टोक खाली करून काठावर लोंबते आणि दात्यांना कशाचाच स्पर्श होत नाही. पण सगळ्या कंपन्यांचे माप एकसारखे नसते, म्हणून कापायला देण्यापूर्वी आपली नोझल्स मोजून घ्यावीत आणि आधी पुठ्ठ्यावर दोन-तीन भोके पाडून पाहावीत. दोन भोकांच्या मध्यांत २५ मिलिमीटर अंतर धरले तर ३० बाय २० सेंटिमीटरच्या पाटीवर ९६ लहान नोझल्स मावतात. मोठ्यांसाठी अंतर ४० मिलिमीटरच्या आसपास लागेल आणि पाटीही वेगळी करावी. पाटीला चार पाय लावून ती पाच-सहा सेंटिमीटर उंच ठेवली की तुमच्या ड्रॉवरमध्ये बसेल आणि खालून हवा फिरेल. प्रत्येक भोकाशेजारी क्रमांक किंवा गटाचे नाव त्याच लेझरने कोरून मिळते, त्यामुळे रिकामे भोक काय हरवले आहे तेही सांगते.

अॅक्रिलिक उकळत्या पाण्यात घालू नये, ते वाकते. स्पिरिट किंवा सॅनिटायझरने पुसले तर त्यावर बारीक तडे जातात. साबणाचे कोमट पाणी आणि मऊ फडके पुरते.

प्रतिसाद ३

मांडणी कितीही चांगली केली तरी नोझल ओले आत गेले तर सगळे फुकट, म्हणून धुण्यावाळण्याबद्दल लिहितो. आपल्याकडे वापरले जाणारे व्हिपिंग क्रीम बहुतांशी वनस्पती तुपाच्या जातीचे असते आणि गार पाण्यात ते मेणासारखे आतून चिकटून राहते. त्याला चांगले गरम पाणी आणि भांड्यांचा साबण हवा. अंड्याच्या पांढऱ्याचे आयसिंग असेल तर उलट, आधी गार किंवा कोमट पाण्यात भिजवावे, कारण गरम पाण्याने अंडे शिजून आतच बसते. बारीक भोकाला टाचणी किंवा सुई घालण्याचा मोह टाळावा, भोक वेडेवाकडे होते. बाटलीच्या बुचासाठी किंवा स्ट्रॉसाठी मिळणारा निमुळता ब्रश वापरावा. बेसिनमध्ये सुटी धुऊ नयेत. पीठ चाळण्याच्या चाळणीत एकत्र घालून धुतली तर मोरीच्या जाळीतून जाण्याची भीती नाही. क्लोरीनचे पाणी किंवा ब्लीच यांपासून स्टीलला दूर ठेवावे, त्याने ३०४ लाही खड्डे पडतात.

वाळवण्यासाठी केक भाजून झाल्यावर बंद केलेल्या ओव्हनची ऊब पुरेशी असते. तापमान शंभर अंशांच्या खाली आले की नोझल्स जाळीवर टोक वर करून ठेवावीत आणि ओव्हन गार होईपर्यंत तशीच राहू द्यावीत. कपलर प्लास्टिकचे असल्यामुळे ते यात घालू नयेत, फडक्यावर पंख्याखाली वाळवावेत.

ड्रॉवरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवता येतील, पण निळ्या खड्यांच्या नकोत. त्या निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते विषारी आहे. पांढरे किंवा नारिंगी खडे घ्यावेत. ते ओल धरून भरले की कापडी पुडीतून ताटलीत काढून सुमारे १२० अंशांवर दोन तास तापवले की पुन्हा कामाला येतात. ड्रॉवर मात्र नीट बंद व्हायला हवा, नाहीतर त्या सगळ्या स्वयंपाकघराचीच ओल शोषत बसतील.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. कामानुसार गट ही कल्पना पटली आणि जाऊबाईंनीही ती लगेच मान्य केली. रशियन नोझल्सचा डबा आजच माळ्यावर गेला. अॅक्रिलिकच्या पाटीसाठी नोझल्स मोजायला घेतली, तेव्हा एक नवी शंका निघाली. एकाच संचातील लहान नोझल्सचे तळही साडेसतरा ते एकोणीस मिलिमीटर असे कमी-जास्त भरत आहेत. सगळ्यांना सोळाचेच भोक ठेवले तर रुंद तळाचे नोझल फारसे आत न उतरता वरच राहील आणि ड्रॉवर ओढताना डुलेल, असे वाटते. दोन मापांची भोके पाडून घ्यावीत, की सोळाच्या भोकाखाली सेंटिमीटरभर अंतरावर तशीच दुसरी, लहान भोकांची पाटी बसवून टोकालाही आधार द्यावा? दुसऱ्या प्रकारात खर्च दुप्पट होईल आणि भोके अचूक एकाखाली एक यावी लागतील. प्रतिसाद दोनमध्ये लिहिणाऱ्यांनी किंवा ज्यांनी अशी पाटी वापरली आहे त्यांनी कृपया सांगावे; पुठ्ठ्यावरचा नमुना मी तोवर दोन्ही प्रकारे करून ठेवते.